हाताचा पॅटर्न की कॉम्प्युटरचा? छोट्या गणवेश कारखान्यानं ठरवायचं कसं

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या छोट्या कारखान्यांत हा प्रश्न हल्ली सारखा निघतो. वीस-तीस मशिनी, एक कटिंग मास्तर, दोन हेल्पर, भिंतीवर तारेच्या आकड्यांना टांगलेले खाकी कागदाचे पॅटर्न, म्हणजे कपड्याच्या तुकड्यांचे साचे. मालकानं एखाद्या प्रदर्शनात प्लॉटर, म्हणजे मोठ्या कागदावर पॅटर्न छापणारं यंत्र, सरसर चालताना पाहिलेला असतो. टेबलावर सॉफ्टवेअरचं कोटेशन येऊन पडलेलं असतं. मास्तरांचं म्हणणं एकच असतं, ‘मालक, एवढे पैसे कशाला घालताय? मी आहे ना.’

या दोघांच्या मध्ये उभं राहून हा आढावा लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. कॉम्प्युटरचा खरा पैसा पॅटर्न काढण्यात सुटत नाही, तो ग्रेडिंगमध्ये (एका साईजच्या पॅटर्नवरून बाकीच्या साईज काढणं) आणि मार्करमध्ये (कापडावर तुकडे बसवायचा आराखडा) सुटतो. त्यामुळे कारखाना किती मोठा आहे यापेक्षा तुमच्याकडे साईज किती, स्टाईल किती आणि वर्षाला कापड किती मीटर कापलं जातं, हे आधी बघायला हवं.

वाटा चार आहेत. पहिली, आहे तसंच हातानं चालू ठेवायचं. दुसरी, पॅटर्न आपला पण ग्रेडिंग आणि मार्कर बाहेरून जॉबवर्कवर करून घ्यायचं. तिसरी, स्वतःचं सॉफ्टवेअर आणि प्लॉटर घ्यायचा. चौथी, सीमली टूडी किंवा वॅलेंटिना यांसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून बघायचं. प्रत्येक कामात या चौघी कशा उतरतात ते पाहू.

पहिला पॅटर्न

नवा शर्ट किंवा ट्यूनिक बसवायची असेल तर पहिल्या पॅटर्नपुरता हाताचा मास्तर कॉम्प्युटरच्या मागे नाही, बरेचदा पुढेच असतो. कागदावर पट्टी आणि कर्व्ह घेऊन काढलेला मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, त्याला पूर्ण आकारात समोर दिसतो. स्क्रीनवर तोच मुंढा तळहाताएवढा दिसतो आणि गोलाईतला फुगवटा नजरेतून सुटू शकतो. म्हणून अनुभवी पॅटर्न मेकरसुद्धा पहिला तुकडा पूर्ण मापात छापून, कापून, अंगावर लावून बघतात.

पहिला बेस पॅटर्न हातानं काढायचा, सॅम्पल शिवायचं, फिट नीट झाला की तो पॅटर्न डिजिटायझरच्या बोर्डवर (कागदाच्या कडा टिपून घेणारा बोर्ड) किंवा फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, ही पद्धत आजही चालते आणि तिच्यात कमीपणा काही नाही. उलट, फिट चुकलेला पॅटर्न कॉम्प्युटरमध्ये घातला तर ती चूक तितक्याच सफाईनं बारा साईजमध्ये पसरते. आधी पॅटर्न दुरुस्त, मग मशीन.

ग्रेडिंग

इथून तराजू झुकायला लागतो. शाळेच्या शर्टाचं उदाहरण घेऊ. साईज २२ पासून ४४ पर्यंत, दोन-दोनच्या टप्प्यानं, म्हणजे बारा साईज. शर्टाचे वेगवेगळे तुकडे मोजा: पुढचा डावा, पुढचा उजवा, पाठ, योक (खांद्यावरची पट्टी), कॉलर, कॉलरचा स्टँड, खिसा, हाफ बाही, फुल बाही. नऊ झाले. नऊ गुणिले बारा, १०८ कागद. एका शर्टाचे. प्रत्येक कागदावर साईज, उभ्या धाग्याची रेघ, नॉच (शिवताना तुकडे जुळवायची खूण) आणि ‘डबल कापणे’ हे लिहायचं. एका शाळेनं खिशाचा आकार बदलला किंवा बटणपट्टी अर्ध्या इंचानं रुंद मागितली की त्यातले बारा-चोवीस कागद पुन्हा काढायचे.

कॉम्प्युटरमध्ये बेस साईजच्या प्रत्येक टोकाला एक नियम दिलेला असतो: पुढच्या साईजला हा बिंदू आडवा किती सरकेल, उभा किती सरकेल. छाती २ इंचांनी वाढली की शर्टाच्या पुढच्या भागाच्या एका बाजूची कड अर्धा इंच बाहेर जाते. खांदा तेवढा वाढत नाही, गळा त्याहून कमी वाढतो. हे एकदा भरलं की बारा साईज एकावर एक रचलेल्या दिसतात आणि कुठल्या साईजला रेघ वाकडी गेली ते लगेच डोळ्यांत भरतं. बटणपट्टी रुंद करायची तर एकदाच करायची.

सर्वात मोठा फरक मुंढा आणि बाही यांच्या मेळात पडतो. बाहीची वरची गोलाई मुंढ्याच्या गोलाईपेक्षा किंचित जास्त लागते, तरच बाही न ओढता बसते. शर्टाला हे जास्तीचं कापड अगदी थोडं ठेवतात. बेस साईजला मास्तरांनी ते अचूक ठेवलेलं असतं. पण हातानं वर-खाली ग्रेड करताना दर साईजला सुताभराचा फरक साठत जातो, आणि ३२ ला छान बसणारी बाही ४२ ला कमी पडते किंवा २२ ला चुण्या टाकते. कारागीर मग ती ओढून बसवतो, आणि तक्रार आली की शिलाईला नावं ठेवली जातात. सॉफ्टवेअर दोन्ही गोलाया मोजून दर साईजचा फरक आकड्यात दाखवतं. तुमच्या कारखान्यात मोठ्या साईजच्या बाह्यांची तक्रार वारंवार येत असेल तर मशिनीवरच्या माणसाला बोलण्याआधी पॅटर्नच्या दोन गोलाया टेपनं मोजून बघा.

मुलांच्या कपड्यांत आणखी एक गोष्ट आहे. सगळ्या साईजना एकच पायरी चालत नाही. लहान वर्गांतल्या मुलांची उंची भराभर वाढते, छाती त्या मानानं सावकाश भरते. आठवी-नववीत गेलं की मुलग्यांचे खांदे रुंदावतात, मुलींच्या ट्यूनिकला टक्स लागतात. म्हणून चांगल्या ग्रेडिंगमध्ये पायरी मध्येच बदलावी लागते. हे सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. ते टेबल भरणारा माणूस जाणता हवा, आणि ते टेबल बहुतेक वेळा मास्तरांच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं.

मापांचा तयार भारतीय तक्ता कुठून आणायचा, असंही विचारलं जातं. निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेनं हाती घेतलेल्या ‘इंडियासाईज’ या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आराखडा १५ ते ६५ वयोगटासाठी होता. सहा शहरांत २५ हजारांवर लोकांची मापं थ्रीडी बॉडी स्कॅनरनं घ्यायची, असं त्याचं स्वरूप. म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या हाफ पँटला त्याचा थेट उपयोग नाही. तुमचा खरा तक्ता तुमच्याच परत आलेल्या मालात आहे. कुठल्या शाळेनं कुठली साईज बदलून मागितली, याची वही ठेवणाऱ्या कारखान्याचं ग्रेडिंग कुठल्याही विकतच्या तक्त्यापेक्षा सरस होतं.

ग्रेडिंगपुरता निकाल असा: स्टाईल दोन-तीनच असतील, वर्षानुवर्षं त्याच असतील आणि पुठ्ठ्याचे पॅटर्न चांगल्या अवस्थेत असतील, तर हातानं भागतं. दर हंगामात पाच-सात नव्या शाळा आणि नव्या स्टाईल येत असतील तर हाताचं ग्रेडिंग हीच तुमची अडलेली जागा असणार. ते बाहेरून करून घेतलं तरी फायदा तोच मिळतो.

मार्कर, म्हणजे कापडाचा पैसा

तयार गणवेशाच्या खर्चात सर्वात मोठा वाटा कापडाचा. शिलाईच्या दरात पीसमागे रुपया-दोन रुपये कमी करण्यासाठी आपण कारागिरांशी घासाघीस करतो, आणि कटिंग टेबलाखाली चिंध्यांच्या गोणी भरत राहतात. मला हे मनापासून खटकतं, म्हणून या भागावर जरा जास्त लिहितो.

मार्कर म्हणजे कापडाच्या पन्ह्यात तुकडे कसे बसवायचे त्याचा आराखडा. शर्टाच्या चांगल्या मार्करमध्ये साधारण ८० ते ८५ टक्के जागा तुकड्यांनी व्यापलेली असते, उरलेली चिंध्यांत जाते. मुरलेला मास्तर खडूनं मांडतानाही त्या आकड्याच्या जवळ पोचू शकतो. मग कॉम्प्युटर कुठे जिंकतो? तीन ठिकाणी.

एक, पन्हा. पॉवरलूमच्या कापडाचा पन्हा कागदावर ५८ इंच असतो, प्रत्यक्षात एका ताक्याला ५८, दुसऱ्याला ५७, तिसऱ्याला साडेसत्तावन्न निघतो. हातानं मांडणारा सर्वात अरुंद ताक्याचा पन्हा धरून एकच मार्कर काढतो, आणि रुंद ताक्यांच्या कडेला पट्टी वाया जाते. कॉम्प्युटरवर ताके पन्ह्याप्रमाणे वेगळे लावून दोन किंवा तीन मार्कर काढणं काही मिनिटांचं काम आहे. यासाठी आधी ताके मोजायची शिस्त लागते, ती कॉम्प्युटर लावत नाही.

दोन, साईजचं मिश्रण. दोन शर्टांच्या मार्करपेक्षा सहा शर्टांच्या मार्करमध्ये तुकडे घट्ट बसतात, कारण ४० च्या पाठीशेजारच्या पोकळीत २४ ची बाही मावते. शिवाय टोकांचं कापड वाचतं. हिशेब करून बघा. ॲव्हरेज, म्हणजे एका शर्टाला लागणारं कापड, १.१० मीटर धरलं तर दोन शर्टांचा मार्कर २.२० मीटरचा, सहाचा ६.६० मीटरचा. ४८० शर्टांसाठी पहिल्यात २४० थर लागतात, दुसऱ्यात ८०. दर थराला दोन्ही टोकांना एकेक इंच जादा सोडलं, तर पहिल्यात ४८० इंच, म्हणजे १२ मीटरहून थोडं जास्त कापड नुसत्या टोकांत जातं. दुसऱ्यात ४ मीटरच्या आसपास. आठ मीटर वाचले, तेही तुकड्यांची मांडणी न सुधारता. पण सहा शर्टांचा मार्कर खडूनं आखायला मास्तरांचा बराच वेळ जातो, आणि तो ले, म्हणजे अंथरलेल्या थरांचा गठ्ठा, कापला गेला की ती आखणीही संपते. कॉम्प्युटरवरून तीच आखणी हवी तितक्या वेळा छापता येते. मात्र त्याला कटिंग टेबल २२-२४ फुटांचं हवं. जागा पंधरा फुटांची असेल तर यातला बराच फायदा गळून पडतो. सॉफ्टवेअर विकणारा तुमचं टेबल मोजत नाही, तुम्ही मोजा.

तीन, आधी कळणं. ऑर्डरचा दर सांगतानाच ॲव्हरेज किती येईल हे मार्कर काढून बघता येतं. अंदाजानं १.१५ मीटर धरून दर दिला आणि प्रत्यक्षात १.२२ लागलं तर सगळी कमाई तिथेच जाते.

आता रुपयांत मांडू. समजा वर्षाला ६० हजार शर्ट निघतात, ॲव्हरेज १.१० मीटर, कापड १२० रुपये मीटर. कापड लागलं ६६ हजार मीटर. मार्करमुळे ३ टक्के वाचले असं धरलं तर १,९८० मीटर, म्हणजे २,३७,६०० रुपये. यातले ३ टक्के मी गणितासाठी धरलेत. तुमचा खरा आकडा काढायची पद्धत सोपी आहे आणि कोटेशनवर सही करण्याआधी ती कराच: तुमच्या मास्तरांचा सर्वात चांगला मार्कर घ्या, त्याची लांबी मोजा, त्याच साईज, तोच पन्हा आणि तेच पॅटर्न जॉबवर्कवाल्याला देऊन त्याचा मार्कर काढून घ्या. दोन लांब्यांमधला फरक हाच तुमचा आकडा. मास्तरांना हे सांगून करा, लपवून नको. काही वेळा फरक नगण्य निघतो आणि मास्तरांची मान ताठ होते, तेही कळायला हवंच.

चेक्सच्या कापडाला मात्र हा हिशेब जशाचा तसा लावू नका. ट्यूनिक आणि स्कर्टच्या चेक्सचा मेळ बसवायचा तर तुकडे मोकळे ठेवावे लागतात आणि टक्केवारी खाली येते. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये चेक्स जुळवायची सोय असते, पण कापडावरचा चेक्स ताक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी सारख्याच अंतरावर असेल तर तिचा उपयोग. लूमवर तो थोडाफार सरकलेला असतो. अशा कापडाला मोठे चौकोन कापून मग थर जुळवत हातानं पुन्हा कापणं हीच पद्धत टिकून आहे.

आटणाऱ्या कापडाबद्दल एक छोटी नोंद. सुती कापड लांबीत ३ टक्के आटत असेल तर धुतल्यावर ७० सेंटिमीटर राहायला हवी असलेली पाठ सुमारे ७२.२ सेंटिमीटर कापावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारी टाकली की सगळे तुकडे, सगळ्या साईजचे, त्या हिशेबानं वाढतात. पॉलिस्टर-कॉटनवरून एखादी शाळा शुद्ध सुतीवर आली की हाताच्या पॅटर्नवाल्याला सगळा संच नव्यानं काढावा लागतो.

फाईल कोणाची

पुठ्ठ्याच्या पॅटर्नची कड खडू फिरवून फिरवून झिजते, पावसाळ्यात कागद ओलावा धरतो, एखादा तुकडा हरवतो. मास्तर दुसऱ्या कारखान्यात गेले की पॅटर्न राहतात, पण त्यांवरच्या खुणांचा अर्थ त्यांच्याबरोबर जातो. कॉम्प्युटरवरचा पॅटर्न झिजत नाही, एवढं खरं.

पण तिथे दुसरा धोका आहे. जॉबवर्कवाला तुम्हाला छापलेला मार्कर देतो, फाईल त्याच्याकडेच राहते. पुढच्या वर्षी तो दर वाढवतो किंवा दुकान बंद करतो, आणि तुम्ही पुन्हा शून्यावर. एका कारखान्याचे सगळे ग्रेड केलेले पॅटर्न असेच अडकून पडलेले मी पाहिलेत. काम देतानाच लेखी ठरवा की ग्रेड केलेल्या पॅटर्नची डीएक्सएफ फाईल एएएमए किंवा एएसटीएम पद्धतीत मिळाली पाहिजे. कपड्यांच्या पॅटर्नची देवाणघेवाण करायला ठरवलेली ही पद्धत आहे आणि बहुतेक सगळी सॉफ्टवेअर ती वाचतात. नुसती पीएलटी, म्हणजे प्लॉटरला द्यायची फाईल मिळाली तर तिच्यातून छापता येतं, पॅटर्न बदलता येत नाही.

स्वतःचं सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. गर्बरचं ॲक्युमार्क, लेक्ट्राचं मोडारिस, टुकाटेकचं टुकाकॅड, ऑप्टिटेक्स, प्रत्येकाची आपली फाईल. २०२१ मध्ये फ्रान्सच्या लेक्ट्रानं अमेरिकेची गर्बर विकत घेतली. वर्षानुवर्षं एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन नावं एका छताखाली आली. कंपन्या अशा हात बदलतात. म्हणून दर हंगामाच्या शेवटी सगळे पॅटर्न डीएक्सएफमध्ये काढून पेन ड्राईव्हवर आणि मेलवर, अशा दोन ठिकाणी ठेवायची सवय लावा.

आणि चोरून फोडलेलं सॉफ्टवेअर स्वस्तात बसवून देणारे भेटतील. घेऊ नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय जुनी आवृत्ती, व्हायरसची भीती आणि हंगामाच्या मध्यात बंद पडलं तर विचारायला कोणी नाही.

मास्तरांचं काय

कॉम्प्युटर येणार म्हटलं की मास्तर धास्तावतात, आणि मालकही चुकीचा माणूस निवडतो. कॉम्प्युटर येणारा, कपड्याची माहिती नसलेला पोरगा ठेवला जातो. त्याला माऊस चालवता येतो, पण योकची रेघ कुठे हवी, स्कर्टच्या प्लेट कुठल्या बाजूला वळतात, बाहीच्या पुढच्या आणि मागच्या नॉचमध्ये फरक का, हे त्याला माहीत नसतं. मास्तर बाजूला बसून तोंडी सांगतात, तो ऐकतो तसं करतो, आणि दोघांच्या मध्ये पॅटर्न बिघडतो.

कपडा जाणणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर शिकवणं जास्त सोपं. मास्तर साठीचे असतील आणि त्यांना नको असेल तर त्यांच्या हाताखालचा हुशार हेल्पर निवडा, ज्यानं चार हंगाम थर अंथरलेत आणि कटिंग मशीन चालवलंय. पॅटर्न आणि मार्करची रोजची कामं त्याला काही आठवड्यांत जमायला लागतात. मास्तरांना त्याच्या शेजारी बसवून ग्रेडिंगचं टेबल त्यांच्याच तोंडून भरून घ्या, टेबलावर त्यांचं नाव लिहा. इतक्या वर्षांची ती विद्या आहे, तिला मान मिळायलाच हवा. बाहेरून माणूस घ्यायचा झाला तर इचलकरंजीच्या डीकेटीईसारख्या टेक्स्टाईल संस्थांतून किंवा एटीडीसी या गारमेंट प्रशिक्षण संस्थेच्या कोर्समधून आलेल्यांना विचारा, आणि मुलाखतीत स्क्रीनऐवजी कागद-पट्टी देऊन आधी एक बाही काढायला सांगा.

पगाराचा हिशेबही आत्ताच करू, कारण पुष्कळांचं गणित इथेच चुकतं. वर कापडात वाचले २,३७,६०० रुपये. वेगळा ऑपरेटर महिना २० हजारांवर ठेवला तर वर्षाचे २,४०,०००. म्हणजे बचत पूर्ण गेली आणि सॉफ्टवेअर, प्लॉटर, कागद अजून मोजलेलेच नाहीत. साठ हजार शर्टांच्या कारखान्याला वेगळा ऑपरेटर परवडत नाही. त्याला एकतर घरचाच माणूस तयार करावा लागेल, किंवा जॉबवर्कची वाट धरावी लागेल. लाख-दीड लाख पीस, त्यात पँट, स्कर्ट, ट्यूनिक असे प्रकार, असं असेल तर चित्र बदलतं.

खर्चाचे कोपरे

कोटेशनमध्ये मोठ्या अक्षरातला आकडा सॉफ्टवेअरचा असतो. त्याच्या आजूबाजूचं विचारा. पॅटर्न, ग्रेडिंग आणि मार्कर हे तिन्ही भाग आहेत का, की प्रत्येकाचे पैसे वेगळे? एकदाच घ्यायचं की दरवर्षी भरायचं, आणि एका वर्षी नाही भरलं तर जुन्या फायली उघडतात का? डोंगल (सॉफ्टवेअर चालू करायची यूएसबी किल्ली) हरवला तर काय? वार्षिक देखभालीत माणूस कारखान्यात येतो की नुसता फोनवर बोलतो? मराठी-हिंदीत शिकवतो का? प्लॉटर ५८ इंची पन्ह्याचा कागद घेतो का, शाई आणि कागदाचा मीटरमागे खर्च किती? वीज गेली तर प्लॉटर मध्येच थांबून मार्कर खराब होतो, म्हणून यूपीएसही त्याच हिशेबात धरा.

प्लॉटरशिवायही काम चालतं, हे विक्रेता सांगणार नाही. सॉफ्टवेअरनं काढलेला मार्कर छोट्या मापात ए-फोर कागदावर छापता येतो. तो समोर ठेवून हेल्पर पुठ्ठ्याचे पूर्ण मापाचे पॅटर्न कापडावर तसेच मांडतो आणि खडूनं आखतो. मांडणीची हुशारी कॉम्प्युटरची, आखणी हाताची. आणि ग्रेड केलेले सुटे पॅटर्न छापायचे असतील तर आर्किटेक्ट-इंजिनिअरांचे नकाशे काढून देणाऱ्या दुकानात ३६ इंची प्लॉटर असतो, त्यावर शर्टाचे तुकडे आरामात मावतात. छापल्यावर पानावरचा १० सेंटिमीटरचा चौकोन पट्टीनं मोजून घ्या. दुकानदारानं ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू ठेवला असेल तर सगळा संच लहान होऊन येतो.

फुकटच्या सॉफ्टवेअरची बाजू

वॅलेंटिना २०१३ मध्ये युक्रेनच्या एका प्रोग्रामरनं सुरू केलं, सीमली टूडी त्यातूनच पुढे वेगळं झालं. दोन्ही मुक्त परवान्याखाली आहेत, पैसे लागत नाहीत. यांची पद्धत निराळी आहे. रेघ ओढताना तुम्ही आकडा न देता सूत्र देता: छातीचा चौथा भाग अधिक एवढी ढील. मापांची फाईल बदलली की सगळा पॅटर्न नव्यानं उभा राहतो. जो मास्तर ‘छाती भागिले चार अधिक दीड’ अशा भाषेतच विचार करतो, त्याला हे सॉफ्टवेअर आपलं वाटतं. बुटीक, मापाचे ब्लाऊज, शिक्षकांचे ब्लेझर, कमी पीसची कामं यांना ते फार उपयोगी आहे, आणि शिकण्यासाठी तर याहून चांगली सुरुवात नाही.

पण कारखान्याच्या मार्करला ते पुरत नाही. साईजचं मिश्रण, डावे-उजवे तुकडे, थरांचा हिशेब, या बाबतीत विकतची सॉफ्टवेअर बरीच पुढे आहेत. डीपनेस्टसारखी तुकडे बसवून देणारी फुकट साधनं आहेत, पण ती पत्रा-प्लायवूड कापणाऱ्यांसाठी बनलेली. तुकडा कसाही फिरवायची त्यांना सवय. कापडात उभा धागा सांभाळावा लागतो, म्हणून फिरवणं अर्ध्या वळणापुरतं बांधून ठेवावं लागतं, आणि तरी हातानं तपासावंच लागतं. मी फुकटच्या सॉफ्टवेअरवर पॅटर्न आणि जॉबवर्कवर मार्कर ही जोडी सुचवेन. डीएक्सएफ दोघांमध्ये चालते.

थ्रीडी

क्लो, ब्राउझवेअर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कपडा पडद्यावरच्या पुतळ्याला घालून दिसतो. परदेशी बायरला सॅम्पल पाठवण्याचे फेरे वाचवायचे असतील, दर महिन्याला नव्या फॅशनची डिझाईन निघत असतील, तर त्याला अर्थ आहे. शाळेच्या गणवेशाला नाही. मुख्याध्यापकांना कापड हातात घेऊन बघायचं असतं.

कोणी काय घ्यावं

वर्षाला वीस-पंचवीस हजार पीसच्या आत, ठरलेल्या शाळा, ठरलेल्या स्टाईल आणि मास्तर जागेवर असतील, तर हाताचंच ठेवा. फक्त जुने पॅटर्न नव्या पुठ्ठ्यावर उतरवून घ्या आणि ग्रेडिंगचं टेबल वहीत लिहून काढा.

त्यापुढे लाखाच्या आतबाहेर असलेल्यांना माझं ठाम सांगणं जॉबवर्कचं आहे, फाईल स्वतःकडे ठेवून. सोलापुरातले बहुतेक छोटे कारखाने याच गटात येतात. मुंबई, तिरुपूर, बेंगळुरूसारख्या गारमेंटच्या शहरांत हे काम मुरलेलं आहे आणि फाईल मेलवर येते, त्यामुळे गावातच सेवा हवी असं नाही.

लाखाच्या वर, दर हंगामाला नव्या स्टाईल, टेबल लांब आणि आतला माणूस शिकायला तयार असेल तर स्वतःचं सॉफ्टवेअर घ्या. यातली एक अट जरी बसत नसेल तर आणखी एक वर्ष जॉबवर्कवर काढा. त्या वर्षभरात तुमच्याच कापडाचे, तुमच्याच पन्ह्याचे आकडे हातात येतील आणि विक्रेत्याशी बोलताना तेच उपयोगी पडतील.

बदल केव्हा करायचा, हेही महत्त्वाचं. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. जानेवारी ते मे कारखान्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, त्या काळात नवी पद्धत आणू नका. जुलै-ऑगस्टमध्ये, बदलून द्यायचा माल हातावेगळा झाला की सर्वात जास्त खपणारा एक शर्ट घ्या. त्याचा बेस दुरुस्त करा, ग्रेड करून घ्या, २२, ३२ आणि ४४ या तीन साईज शिवून मुलांना घालून बघा, मग मार्कर काढा आणि एक ले कापा. तो माल शाळेतून तक्रार न येता गेला की दुसऱ्या स्टाईलला हात घाला. जुने पुठ्ठे पहिला पूर्ण हंगाम पार पडेपर्यंत आकड्यावरून उतरवू नका.